भाषणे बाईंनी लिहायची की मुलांनी?

वाचकाचे पत्र

आदरणीय सर,
मी सांगलीतील एका अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. पुण्यात झालेल्या विभागीय फेरीतून आमचा वादविवाद संघ राष्ट्रीय फेरीसाठी पात्र ठरला असून ती फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीला आहे. संघात नववीचे तिघे आणि दहावीची एक मुलगी आहे. पुण्यात सगळे प्रस्ताव पंधरा दिवस आधी कळले होते. दोन्ही बाजूंची भाषणे मीच लिहून दिली आणि मुलांनी ती चोख पाठ केली. अंतिम फेरीत मात्र समोरच्या संघातील मुलीने मध्येच उठून प्रश्न विचारला, तेव्हा आमचा दुसरा वक्ता थांबला आणि उत्तर न देता त्याच परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पुन्हा बोलू लागला. आम्ही उपविजेते ठरलो. दिल्लीत निम्म्या फेऱ्यांचे प्रस्ताव केवळ एक तास आधी मिळणार आहेत आणि त्या तासात शिक्षकांना मुलांजवळ थांबता येणार नाही. म्हणून मी संभाव्य पन्नास विषयांवर भाषणे लिहायला घेतली आहेत. अकरा झाली आहेत. हा मार्ग योग्य आहे का? शिवाय दहावीच्या मुलीचे पालक तिला पाठवायला तयार नाहीत आणि चौथा मुलगा व्यासपीठावर फारसा बोलत नाही, म्हणून त्याला वगळावे असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. आपला सल्ला हवा आहे.
— एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर

बाई, अकरा भाषणांवर थांबा. बारावे लिहू नका, आणि लिहून झालेली अकराही मुलांना दाखवू नका.

हे मी तुम्हाला कोणत्याही अधिकाराने सांगत नाही, कारण नोकरीतील पहिली पंधरा-सोळा वर्षे मीही हेच केले. साताऱ्यात एका शाळेत शिकवत असताना दर डिसेंबरला मी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची भाषणे लिहीत असे. कोणत्या वाक्याला आवाज चढवायचा, कुठे हात पुढे करायचा, कुठे क्षणभर थांबायचे, हे सारे समासात लाल शाईने लिहिलेले असे. माझा एक सहकारी बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेला आणि जाताना माझ्या भाषणांची वही घेऊन गेला. दोन वर्षांनी एका आंतरशालेय स्पर्धेत त्याच्या शाळेची मुलगी उभी राहिली आणि तिने माझे भाषण म्हटले. नंतर तिसऱ्या क्रमांकाला आमच्या शाळेचा मुलगा उठला आणि त्यानेही तेच भाषण म्हटले, त्याच वाक्याला तोच हात पुढे करून. सभागृहात आधी कुजबुज झाली आणि मग हशा पिकला. तो खाली बसला तेव्हा त्याचे कान तांबडे झाले होते. मी मागच्या रांगेत होतो, आणि त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

तुमचा दुसरा वक्ता परिच्छेदाच्या आरंभी परत गेला, त्यात त्याची चूक नाही. पाठ केलेल्या मजकुराला मधून शिरायची वाट नसते; पाढे म्हणताना कोणी अडवले की मूल 'बे एके बे'पासून सुरू करते, तसेच ते आहे. तो मुलगा मंद नाही किंवा घाबरटही नाही. त्याच्याजवळ भाषण होते, पण त्या भाषणामागचा विचार तुमच्याजवळ होता, आणि तुम्ही प्रेक्षकांत बसला होतात.

तुमच्या पत्रातील वर्णनावरून दिल्लीची स्पर्धा जागतिक शालेय वादविवाद पद्धतीची दिसते. ही पद्धत १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या जागतिक शालेय स्पर्धेतून रूढ झाली. २०१९ साली बँकॉकला भारताच्या संघाने ती स्पर्धा जिंकली, त्यामुळे आपल्याकडेही तिचे आकर्षण वाढले. प्रत्येक बाजूचे तीन वक्ते प्रत्येकी आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी पहिला किंवा दुसरा वक्ता चार मिनिटांचे समारोपाचे भाषण करतो, ज्यात प्रतिकूल, म्हणजे प्रस्तावाला विरोध करणारी, बाजू आधी बोलते. आठ मिनिटांतील पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळात समोरच्या बाजूला उठून प्रश्न विचारता येतो. तो घ्यायचा की नाकारायचा हे बोलणाऱ्याने ठरवायचे असते, परंतु एकही प्रश्न न घेणाऱ्या वक्त्याला परीक्षक माफ करत नाहीत. शंभरपैकी ४० गुण आशयाला, ४० मांडणीला आणि २० डावपेचाला, अशी या पद्धतीची रूढ वाटणी आहे. डावपेच म्हणजे कोणता मुद्दा किती वेळ बोलायचा आणि समोरच्याच्या कोणत्या मुद्द्याला हात घालायचा, याचे भान. हे २० गुण आधी लिहिलेल्या भाषणाला मिळूच शकत नाहीत, कारण समोरचा काय बोलणार हे लिहिताना ठाऊक नसते. आशयाचेही निम्मे तिथेच जातात. तिसरा वक्ता तर जवळपास पूर्ण वेळ खंडनच करतो. त्याच्या हातात तुमचे लिखित भाषण देणे म्हणजे पोहायला निघालेल्या मुलाच्या पाठीवर दप्तर बांधणे होय.

पन्नास विषयांची तुमची कल्पना कष्टाळू आहे, परंतु एकावन्नावा विषय आला की मुले तुमच्याकडे वळून पाहतील, आणि तुम्ही तिथे नसाल.

मग दोन महिन्यांत काय करता येईल? एक सराव मी सविस्तर लिहितो, कारण बाकीचे त्यातूनच निघते. मुलांना असा प्रस्ताव द्या: 'अलमट्टी धरणाची उंची वाढवू द्यावी.' हे धरण कर्नाटकात, सांगलीच्या खाली कृष्णेवरच आहे आणि त्याच्या पाण्याच्या फुगवट्याने सांगलीत पूर येतो असे तिथे अनेकांना वाटते, त्यामुळे सांगलीच्या मुलांना या विषयावर बोलायला तयारी लागत नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर त्यांनी लहानपणी पाहिला आहे. गावभागातील किंवा मारुती चौकातील एखाद्या मुलाच्या घरात पाणी कुठवर चढले होते, ती खूण भिंतीवर अजून असेल. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे तिथल्या पोरासोरांना पाठ असतात. चौघेही एका सुरात सांगतील की उंची वाढवता कामा नये. तेव्हा त्या चौघांनाही अनुकूल बाजू द्या. कर्नाटकाची बाजू. विजापूर-बागलकोटकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची बाजू.

आधी कुरकुर होईल, आणि घरी गेल्यावर एखाद्याचे वडीलही चिडतील. पण मुले शोधू लागली की त्यांना दिसेल की उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० साली मान्यता दिली होती. की महापुरानंतर आपल्याच राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात सांगलीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही, तर अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. आणि तरीही अनेक जाणकारांना आणि पूरग्रस्तांना तो निष्कर्ष मान्य नाही. एवढे सापडले की त्यांना पहिल्यांदा कळेल की आपल्याला ठाम वाटणाऱ्या गोष्टीला समोरून भक्कम उत्तर असू शकते. मग दुसऱ्या दिवशी बाजू उलटा. आता ती मुले अलमट्टीविरुद्ध जे बोलतील ते पहिल्या दिवशीच्या आवेशापेक्षा कितीतरी वजनदार असेल, कारण समितीच्या अहवालाला काय उत्तर द्यायचे याचा विचार त्यांना करावाच लागेल. हे सर्व त्यांनी स्वतः शोधायचे आहे. तुम्ही फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: 'हे तुला कुठे मिळाले?' 'नेटवर' हे उत्तर चालवून घेऊ नका.

यात नवे काही नाही. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मान डोलवावी इतक्या ताकदीने मांडायचे आणि नंतरच उत्तरपक्षाकडे वळायचे. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडत राहणे ती वितंडा. आपण मराठीत वितंडवाद हा शब्द सहज वापरतो, पण परीक्षक म्हणून बसल्यावर त्याचा नेमका अर्थ मला कळला. प्रतिकूल बाजू वाट्याला आलेले संघ हमखास वितंडेत घसरतात: आठ मिनिटे समोरच्याचे दोष सांगतात आणि 'मग तुमचे काय म्हणणे आहे?' या प्रश्नावर गप्प होतात. तुमच्या मुलांना प्रतिकूल बाजू आली तरी दोन मुद्दे स्वतःचे असलेच पाहिजेत, हा नियम आजच भिंतीवर लावा.

आता त्या एका तासाबद्दल. तासाचे घड्याळ लावून सराव करायचा असेल तर पहिली दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर सुचेल ते लिहायचे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण चार मुले एकत्र आली की जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याचाच मुद्दा संघाचा होतो, आणि तो बहुधा सर्वांत सामान्य मुद्दा असतो. नंतरची पंधरा-वीस मिनिटे कागद एकत्र ठेवून प्रस्तावातील शब्दांची व्याख्या, संघाची मुख्य भूमिका आणि कोणता मुद्दा पहिल्या वक्त्याने घ्यायचा व कोणता दुसऱ्याने, हे ठरवायचे. मग पुन्हा शांतता. प्रत्येकाने आपले भाषण मुद्द्यांच्या स्वरूपात काढायचे, पूर्ण वाक्यांत नव्हे. एका कार्डावर सातपेक्षा अधिक ओळी दिसल्या तर कार्ड फाडा. शेवटची दहा मिनिटे समोरचे काय म्हणतील याचा अंदाज बांधण्यासाठी राखून ठेवा. पहिल्या तीन-चार वेळा हे वेळापत्रक पूर्ण कोलमडेल आणि मुले चाळीस मिनिटे व्याख्येवरच भांडत बसतील. बसू द्या.

मध्येच आलेल्या प्रश्नाचा सराव मात्र वेगळा घ्यावा लागेल, कारण तुमच्या संघाची जखम तिथे आहे. एका मुलाला कोणत्याही सोप्या विषयावर बोलायला उभे करा, मधल्या सुट्टीत शाळेबाहेरच्या भेळेच्या गाडीवर बंदी घालावी का, असा चालेल, आणि बाकीच्यांनी दर अर्ध्या मिनिटाला उठून एका वाक्याचा प्रश्न विचारायचा. बोलणाऱ्याने हाताने 'बसा' म्हणायला शिकायचे, हातातले वाक्य पूर्ण करायचे, मग हवा तो प्रश्न घ्यायचा, दोन वाक्यांत उत्तर द्यायचे आणि सोडल्या ठिकाणाहून पुढे जायचे. खंडनासाठी चार पायऱ्या सांगा: ते काय म्हणाले, आमचे त्यावर काय म्हणणे आहे, का, आणि म्हणून या वादात काय बदलते. मुले पहिल्या तीन पायऱ्या चढतात आणि चौथी विसरतात. परीक्षकाच्या खुर्चीतून सांगतो, गुण चौथ्या पायरीवर असतात.

सरावाला समोर कोणीतरी अनोळखी हवे. आपल्याच चौघांतले दोन विरुद्ध दोन किती दिवस पुरणार? अमेरिकेत मोठ्या शहरांतील सरकारी शाळांच्या मुलांसाठी वादविवादाची जी चळवळ उभी राहिली, तिचा आरंभ १९८५ साली अटलांटात एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला. खासगी शाळांकडे पैसे देऊन ठेवलेले प्रशिक्षक असतात आणि सरकारी शाळांकडे नसतात, हा फरक स्वतः वादविवाद करणाऱ्या विद्यापीठातील मंडळींनी तिथे भरून काढला. पुढे शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांत तसेच संघ उभे राहिले. (तिथल्या एका प्रकारात मुले इतक्या वेगाने पुरावे वाचतात की शब्द कळत नाहीत. ते अनुकरणीय नाही.) तुमच्या शाळेपासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विलिंग्डन महाविद्यालय किती अंतरावर आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथे वादविवाद करणारी मुले-मुली असतात. त्यांच्या प्राध्यापकांना भेटा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ दोन विद्यार्थी मागून घ्या. एकोणीस-वीस वर्षांच्या दादा-ताईकडून हरताना मुलांना जे लागते, ते तुमच्याकडून समजावून घेताना लागत नाही.

इंग्रजीची धास्ती तुमच्या पत्रात ओळींच्या आड दिसते. दिल्लीत समोर अशी मुले येतील जी घरीही इंग्रजीच बोलतात. जागतिक स्पर्धेत इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या संघांसाठी स्वतंत्र पारितोषिकेही ठेवली जातात आणि चांगला परीक्षक उच्चारांच्या ढबीवर गुण कापत नाही. तरीही मी खोटा दिलासा देणार नाही. सफाईदार इंग्रजीची भुरळ परीक्षकांनाही पडते. उपाय एकच आहे, वाक्ये आखूड ठेवणे. तुमच्या अकरा भाषणांत 'नोटविथस्टँडिंग' हा शब्द असेल, अशी मी पैज लावतो. मुलांनी मुद्द्यावरची पहिली चर्चा खुशाल मराठीत करावी; विचार मराठीत पक्का झाला की तो साध्या इंग्रजीत सांगता येतो. उलट मार्गाने गेल्यास विचारही उसना आणि भाषाही उसनी, अशी गत होते.

चौथ्या मुलाला वगळू नका. तो व्यासपीठावर बोलत नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून एक ओळ आहे (ती वर छापलेली नाही), की पुण्यात समोरच्या संघाचे सगळे मुद्दे त्याने एका कागदावर उतरवले होते आणि तो कागद तुम्ही परत येताना बसमध्ये पाहिलात. ज्या कागदाची संघाला भाषण चालू असताना गरज होती, तो तुम्हाला परतीच्या बसमध्ये दिसला. बाई, हा मुलगा तुमच्या संघातील सर्वांत दुर्मीळ माणूस आहे. त्याला मोठा कागद द्या, त्यावर प्रत्येक वक्त्यासाठी एक रकाना आखून घ्या, आपले मुद्दे निळ्या शाईने आणि त्यांचे लाल शाईने लिहायला सांगा, आणि ज्या लाल मुद्द्याला निळे उत्तर मिळालेले नाही त्याभोवती वर्तुळ काढायला सांगा. या पद्धतीत तीन ते पाच जणांचा संघ चालतो आणि प्रत्येक फेरीत तिघेच बोलतात. चौथ्याला फेरी चालू असताना वक्त्यांशी बोलता येते का, हे तुमच्या नियमपत्रिकेत पाहून घ्या. येत नसले तरी सरावात, तयारीच्या तासात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो कागद तुमच्या पन्नास भाषणांच्या बरोबरीचा आहे. महिनाभराने त्यालाच तिसरा वक्ता म्हणून उभे करून पाहा. ऐकता येणारा मुलगा खंडन करू शकतो. खंडनाला पाठांतर लागत नाही, आणि कदाचित त्याला नको होते ते तेवढेच.

दहावीच्या मुलीच्या पालकांवर दबाव आणू नका. त्यांना शाळेत न बोलावता त्यांच्या घरी जा, जाताना सहामाही परीक्षेचे वेळापत्रक, प्रवासाच्या तारखा आणि बुडणाऱ्या तासिका कोण भरून देणार याचा कागद सोबत न्या. आठ दिवस जाणार असतील तर आठ म्हणा, पाच म्हणू नका. मुलींबरोबर तुम्ही स्वतः राहणार आहात, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचे असेल. तरीही ते नाही म्हणाले तर त्यांचा निर्णय मान्य करा आणि मुलीला सरावात ठेवा. दिल्लीला न जाणाऱ्या मुलीला सरावाला बोलावणे तुम्हाला अवघड वाटेल, पण तिला न बोलावणे अधिक वाईट दिसेल.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी खुले होते, आणि तुमचा मुहूर्त याच आठवड्यात आहे. दिवाळीनंतरची परतीची गर्दी लक्षात घेता तो चुकवू नका. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज आणि पालकांची संमतीपत्रे मुख्याध्यापकांकडून लगेच करून घ्या. खर्चासाठी माजी विद्यार्थ्यांना विचारा, परंतु कोणत्या मुलाने किती दिले हे तुमच्याशिवाय कोणालाही कळू देऊ नका. फलकावर देणगीदारांची यादी लावण्याची आपल्या शाळांना फार हौस असते.

तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रभर जाणवते, म्हणून लिहितो. तुम्ही लिहिणे थांबवल्यावर मुलांची भाषणे वाईट होतील. आधी फारच वाईट होतील. मुख्याध्यापक सराव पाहायला आले तर विचारतील की पुण्याला उपविजेता ठरलेला संघ हाच का, आणि तुमचा हात पेनाकडे जाईल. दिल्लीत तुम्ही कदाचित प्राथमिक फेऱ्यांतच बाहेर पडाल. पाठ केलेल्या भाषणांनिशी गेलात तरी बहुधा तेच होईल, फक्त तेव्हा मुलांना आपण का हरलो हे कळणार नाही.

पहिला सराव येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर घ्या. प्रस्ताव एका बंद पाकिटात ठेवा, वर्गाच्या घड्याळात वेळ लावून द्या आणि तुम्ही स्टाफरूममध्ये जाऊन बसा. दहा मिनिटांनी कोणीतरी 'बाई, एक विचारू?' म्हणत दारात येईल. त्याला 'तासाभराने ये' म्हणून सांगा आणि दार लोटून घ्या.